समुद्र उजव्या हाताला

समुद्र पाहणाऱ्या माणसांचे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष वाळूवर सतरंजी पसरतो, भेळ मागवतो आणि सूर्य बुडाला की अंग झाडून उठतो. दुसऱ्या पक्षाला एका जागी बसून समुद्र पाहणे जमत नाही. त्याला तो लपतछपत, मध्येच नाहीसा होऊन पुन्हा एखाद्या वळणावर अवचित समोर येणारा असा हवा असतो. मी दुसऱ्या पक्षातली. बसून पाहिलेला समुद्र कितीही मोठा असला तरी तो एकच असतो. अलिबागेहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने श्रीवर्धन गाठीपर्यंत मात्र आठदहा समुद्र भेटतात, आणि त्यांतला एकही दुसऱ्यासारखा नसतो.

ह्या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. वाट सांगायला बसले तरी मी शब्दांच्या मागे लागून भलत्याच गल्लीत शिरते. म्हणून वाट आधी सांगून टाकते. ती फार सोपी आहे. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि दक्षिणेकडे जात राहायचे. आमच्या फोनमधली बाई ‘उजवीकडे वळा, डावीकडे वळा’ असे सारखे बजावीत होती; पण रेवदंड्याच्या पुढे तिचा आवाज गेला आणि आमचे काही अडले नाही.

गेल्या माघात आम्ही निघालो ते मात्र समुद्र पाहायला नव्हे. यजमानांच्या आत्याबाई, वय चौऱ्याऐंशी, माहेर श्रीवर्धन. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर चढले आणि त्यांच्या माहेरची पोफळीची वाडी एका दुपारात आडवी झाली. तेव्हा टाळेबंदी होती, मागून गुडघे आले. पुतण्या फोनवर फोटो पाठवी. आत्याबाई ते पाहून बाजूला ठेवीत. ‘फोटोत सगळंच हिरवं दिसतं,’ त्या म्हणत. ‘मला वाडी बघायची आहे.’

तेव्हा भाऊच्या धक्क्यावर मोटार बोटीत चढवली आणि मांडव्याकडे निघालो. मोटारी वाहून नेणारी ही बोट २०२० पासून सुरू झाली आहे. आत्याबाईंना तिचे मोठे अप्रूप वाटले, पण त्याचे कारण वेगळे होते. त्यांच्या मते कोकणात जायचे ते भाऊच्या धक्क्यावरूनच. लहानपणी त्या आगबोटीने ये-जा करीत. आगबोट श्रीवर्धनला किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही. तिथून पडावात उतरायचे, आणि पडावही वाळूत रुतला म्हणजे शेवटची पंचवीस पावले खलाशाच्या खांद्यावर. आपल्या भाषेत ‘गाडी लागते’ असे आपण म्हणतो. माझी अटकळ अशी की, आधी ‘बोट लागली’ आणि मग तिच्यावरून गाडी लागली. आत्याबाईंना दोन्ही लागत नाहीत. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मांडवा जवळ येऊ लागला तेव्हा त्यांनी पाण्याकडे पाहून हात जोडले. १७ जुलै १९४७ च्या अमावास्येला ‘रामदास’ बोट ह्याच धक्क्यावरून रेवसला निघाली आणि पोचली नाही. सहाशेंहून अधिक माणसे गेली. आत्याबाई त्या वेळी सहा वर्षांच्या होत्या. किनाऱ्यावरच्या त्यांच्या वयाच्या कोणत्याही माणसासमोर ‘रामदास’चे नाव काढावे, ते माणूस क्षणभर बोलायचे थांबते.

अलिबागेच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे पाहिले तर खांदेरी-उंदेरीची जोडी दिसते. खांदेरीवर शिवाजीमहाराजांनी १६७९ साली तटबंदी घालायला घेतली तेव्हा इंग्रज चिडले, आणि लगोलग सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. एवढ्याशा पाण्यात दोन सत्ता एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसल्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे. समोरचा कुलाबा त्या यादीत नाही, ह्याचे अलिबागकरांना वाईट वाटते. वाटायचेच. सुकतीला चालत जाता येईल असा जलदुर्ग घराजवळ असणे ही काही लहान गोष्ट नाही.

आता चालत जायचे ते केव्हा? ह्याला आत्याबाईंकडे एक हिशेब आहे आणि तो किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतो. तिथीची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता भरती आणि बाराला ओहोटी. पाऊणकीचा पाढा शाळेतून गेला आणि भरतीचे वेळापत्रकही त्याच्याबरोबर गेले, असे त्यांचे मत. हा अंक हाती पडल्यावर भाऊबिजेला कोणी अलिबागेस जाणार असेल तर दोन पाऊणे दीड; दुपारी दीडला भरती, तेव्हा ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. पाणी थोडे मागेपुढे होते, म्हणून निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावेच. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी नीट हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेजवळचे दिवस बरे.

कुलाब्याच्या तटाचे मोठमोठे चिरे चुन्यावाचून एकावर एक रचले आहेत. लाट येते, फटींतून आत जाते, आणि तिचा जोर तिथेच जिरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे मुरुडला तिचा उपयोग आहे.

अलिबागेहून थोडेसे पुढे गेले की अक्षी. इथे माझ्यासारखीला मोटार थांबवणे भाग आहे. मराठीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात दर जुलैत मी फळ्यावर लिहिते : अक्षी, शके ९३४, इसवी सन १०१२. मराठीतला पहिला शिलालेख कोणता, श्रवणबेळगोळचा की हा, ह्यावर विद्वानांचे एकमत नाही. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी अक्षीच्या बाजूने कौल दिला आणि परीक्षेतली मुले त्या वादावर पिढ्यान्‌पिढ्या गुण मिळवीत आली. प्रत्यक्षात तो एक उभा दगड आहे. वर चंद्रसूर्य आहेत. त्यात शिलाहार राजा केसीदेवराय स्वतःला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवतो, देवीला दिलेल्या धान्याची नोंद करतो, आणि हे दान जो मोडील त्याला शेवटी एक सणसणीत शाप देतो. त्या शापात गाढव आहे. त्याचा तर्जुमा दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही. वर्गातही मी तो घाईघाईने उरकते. कित्येक वर्षे हा दगड रस्त्याकडेला बेवारशी असल्यासारखा होता. अलीकडे त्याची दखल घेतली गेली, हे चांगले झाले. आत्याबाईंनी मोटारीतूनच विचारले, ‘काय लिहिलंय?’ मी म्हटले, ‘समुद्र माझा आहे, असं एक राजा म्हणतो.’ त्या हसल्या. ‘कुठं आहे आता तो?’

अक्षी, नागाव, चौल ही गावे एकाला एक लागून आहेत. इथे समुद्र उजव्या हाताला असतो खरा, पण दिसत नाही. मध्ये वाड्या असतात. रस्ता अंगाचा चोरटा. दोन्ही बाजूंना गडगे, गडग्यांमागे नारळ-पोफळी, विहिरी, अंगणे. समोरून एसटी आली म्हणजे एकाने कुठल्या तरी बेड्यात मागे सरून वाट द्यायची. नागावजवळ दोन मोटारी अशा अडल्या असता घरातल्या बाईने पडवीतून खुणा करून दोन्ही चालकांना सोडवले. हे काम तिला रोजचेच असावे. भर दुपारी इथे दिवा लावावा इतकी सावली असते, आणि त्या सावलीत पलीकडचा समुद्र नुसता ऐकू येतो. समुद्राच्या आठदहा प्रकारांतला हा एक.

चौल-रेवदंड्याविषयी लिहायचे तर एक वेगळा लेख लागेल. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात ह्याच बंदरात उतरला, आणि १५०८ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा ह्याच पाण्यात लढताना मारला गेला, एवढे सांगून मी कुंडलिकेवरचा पूल ओलांडते, कारण पलीकडे कोर्लई आहे.

कोर्लईचा किल्ला पोर्तुगिजांचा. डोंगराची सोंड समुद्रात शिरलेली आणि तिच्या पाठीवरून तट गेलेला. प्रवासी तो पाहतात, दीपगृह पाहतात, फोटो काढतात आणि जातात. पायथ्याच्या गावाकडे कोणी कान देत नाही. ह्या गावच्या ख्रिस्ती वस्तीत एक भाषा बोलतात ती जगात दुसरीकडे कुठेही बोलली जात नाही. तिचे कूळ पोर्तुगीज, पण शेजार मराठीचा. त्यामुळे वाक्याची ठेवण हळूहळू मराठीच्या वळणावर गेलेली. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. पोर्तुगिजांनी १७४० साली हा मुलूख सोडला. त्यांच्या तोफा गंजल्या, तट ढासळले. पावणेतीनशे वर्षांवर काळ गेला आणि हजारभर माणसांच्या तोंडी त्यांची बोली अजून आहे. चहाच्या टपरीशी दोन बायका आपसांत ती बोलत होत्या. मी कान टवकारून उभी राहिले. एक शब्द ओळखीचा वाटे, पुढचा सटके. त्यांतल्या एकीने माझ्याकडे वळून अस्सल आगरी मराठीत विचारले, ‘बाई, काय हरवलंय काय?’

कोर्लई ते काशिद हा रस्त्याचा सगळ्यांत देखणा तुकडा. बारशिवच्या आसपास रस्ता आणि पाणी ह्यांच्यामध्ये चार खडकांपलीकडे काही उरत नाही. भरतीला लाटेचे तुषार काचेवर येतात. यजमान वेग कमी करीत नव्हते. आत्याबाई म्हणाल्या, ‘अरे, हळू. एवढा खर्च करून आलो ते पुढच्या गाडीची पाठ बघायला का?’ काशिदची वाळू पांढरी आहे आणि शनिवार-रविवारी ती माणसांखाली दिसत नाही. आम्ही मंगळवारी गेलो होतो, तरी उंटाचे मालक होतेच. नांदगावला गणपतीला जाऊन मुरुडला मुक्काम केला. अलिबागेपासून इथवर सुमारे ५० किलोमीटर. आमचा अख्खा दिवस त्यात गेला.

मुरुडच्या पुळणीवरून समोर पाण्यात दिसतो तो जंजिरा नव्हे. पुष्कळ प्रवासी त्याचाच फोटो ‘जंजिरा’ म्हणून घरी पाठवतात. तो पद्मदुर्ग, कांसा असेही म्हणतात. जंजिरा पाहायचा तर गाव सोडून, एकदऱ्याची खाडी ओलांडून, राजपुरीकडे जाणारी चढण चढायची. वर एका वळणावर मोटार थांबवली म्हणजे पायाखाली राजपुरीची खाडी, तिच्या तोंडाशी जंजिऱ्याचे काळे कडे, आणि मागे वळून पाहिले तर उघड्या समुद्रात पद्मदुर्ग. एका किल्ल्यावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या मुलखातून आलेले सिद्दी. दुसरा किल्ला त्यांना जखडण्यासाठी शिवाजीमहाराजांनी मुद्दाम बांधलेला. ह्या दोहोंमधले पाणी पाहिले म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातली पंधरा पाने एकदम समजतात.

‘जंजिरा’ हा शब्दच मुळात अरबी ‘जझीरा’वरून आला, आणि त्याचा अर्थ बेट. म्हणजे ‘जंजिरा बेट’ म्हणणे हे ‘गाईचे गोमूत्र’ म्हणण्यासारखे आहे. पण भाषेला असे दुणे चालते. महाराजांना हे बेट मिळाले नाही, संभाजीराजांनी १६८२ साली समुद्रात भराव घालून सेतू बांधायचा प्रयत्न केला तोही फसला; कान्होजी आंग्र्यांचा समुद्रावर एवढा दरारा, पण हे राज्य राहिले ते थेट १९४८ साली विलीन होईपर्यंत. राजपुरीहून शिडाच्या होडीने निघावे तर दरवाजा अगदी भिंतीला नाक टेकेपर्यंत दिसत नाही. होडीवाला जागा ओळखून वळतो तेव्हा दोन बुरुजांच्या आडून तो उघडा पडतो.

पण मन माझे गुंतले आहे ते पद्मदुर्गात. त्याच्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याने आतवर झिजले आहेत, आणि त्यांना सांधणारा चुना मात्र जसाच्या तसा बाहेर उभा आहे. भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. कुलाब्याला चुना घातलाच नाही म्हणून तट टिकला. इथे दगड गेला आणि चुना टिकला. बांधणारे एकाच राज्यातले, समुद्र एकच. मी हे दरवर्षी वर्गात सांगते, कशाचे उदाहरण म्हणून ते मात्र दरवर्षी बदलते.

ह्याच पाण्यातली एक हकीकत किनाऱ्यावर अजून सांगतात. लाय पाटील नावाच्या कोळी सरदाराने एका रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावून दिल्या. मागून यायचे सैन्य वेळेवर आले नाही आणि उजाडण्यापूर्वी शिड्या काढून परतावे लागले. मोहीम फसली तरी महाराजांनी लाय पाटलाच्या धाडसाची कदर करून त्याला पालखीचा मान दिला. तो म्हणाला, मी दर्यावरचा माणूस, पालखी घेऊन काय करू? तेव्हा त्याला एक गलबत बांधून दिले आणि त्याचे नाव ठेवले ‘पालखी’.

आत्याबाई वळणावर उतरून किती तरी वेळ पाहत होत्या. त्यांचे काही तरी जुळत नव्हते. ‘हा असा नव्हता,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या बोटीतून जंजिरा डाव्या हाताला यायचा.’ त्यांनी हा सगळा किनारा पाण्यावरूनच पाहिलेला. त्यांच्या मनातली गावे बंदरांच्या क्रमाने लावलेली होती, आणि प्रत्येक डोंगराची त्यांना ठाऊक असलेली बाजू ही पलीकडची. मोठेपणी त्या एसटीने घाटातून म्हसळ्यावरून येत. किनाऱ्याचा हा रस्ता त्यांना नवाच. ज्याला आपण रस्ता म्हणतो तो इथे कालपरवाचा आहे. हजार वर्षे इथला हमरस्ता खारा होता. खाडी ही त्या रस्त्याला आतल्या गावांची येऊन मिळणारी वाट. आपण जमिनीवरून मोटार घेऊन आलो, म्हणून ती आपल्याला अडथळा वाटू लागली.

आगरदांड्याला रस्ता पाण्यापाशी येऊन संपतो. पलीकडे दिघी. मोटारी घेऊन जाणाऱ्या सपाट बोटीला इकडे ‘जंगल जेट्टी’ म्हणतात. कोकणात ह्या बोटींची प्रथा २००३ साली दाभोळ-धोपाव्याला सुरू झाली आणि मग एकेका खाडीवर पसरली. वीसपंचवीस मिनिटांचे पाणी. खाडीला वळसा घालून जावे तर कित्येक तास मोडतात. बोटीत मोटारी, मोटरसायकली, बर्फाच्या पेट्या, शाळेची मुले आणि मासळीच्या पाट्या घेतलेल्या कोळणी. आमच्या शेजारी मुंबईचे एक तरुण गृहस्थ फोनवर खाडीचे चित्र घेत होते. पुलाचे काम निघाले आहे असे कोणी तरी बोलले तेव्हा ते हळहळले. आत्याबाईंना म्हणाले, ‘आजी, पूल झाला ना, की ही सगळी मजा संपली बघा.’

‘कुणाची?’ आत्याबाईंनी विचारले.

ते नुसते हसले. आत्याबाई पाण्याकडे पाहत सांगू लागल्या. त्यांची थोरली बहीण दिघीजवळच्या एका गावात दिली होती. साल १९५८, आषाढ. बाळंतपण अडले. डॉक्टर मुरुडला. तिला डोलीत घालून धक्क्यावर आणले तेव्हा रात्र झाली होती, वारा सुटला होता आणि उधाण होते. तर बंद. पलीकडच्या राजपुरीतला एक कंदील मध्येमध्ये दिसे. रात्रभर माणसे डोलीशी बसून राहिली. ‘पहाटे पाणी जरा बसलं तेव्हा तांडेल आला,’ त्या म्हणाल्या. ‘पण तोवर नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं.’

त्या गृहस्थांना काय बोलावे कळेना. त्यांनी फोन खिशात घातला. आत्याबाईंनीच त्यांच्या हातावर थोपटले. ‘तू घे रे चित्र. आज पाणी चांगलं आहे.’

रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने एक सलग रस्ता व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० ते ८२ च्या काळात, धडाडीने मांडली गेली. रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला. खाड्यांवरचे मोठे पूल राहून गेले. बाणकोटच्या खाडीत अर्ध्यावर सोडलेल्या पुलाचे खांब कित्येक वर्षे बगळ्यांना बसायला झाले. आता काही ठिकाणी पुन्हा कामे निघाली आहेत. ह्या प्रश्नावर शहरातल्या निसर्गप्रेमी मंडळींचे मत मला ठाऊक आहे, आणि मी त्यांच्या बाजूची नाही. पूल झालेच पाहिजेत. चाळीस वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते. बोटीतली गंमत आपल्याला वर्षातून एकदा लागते. पलीकडच्या माणसाला दवाखाना, कॉलेज आणि बाजार बारा महिने लागतो, आणि आषाढात जास्त लागतो.

परंतु पुलाच्या पाठोपाठ दुसरी एक मागणी येते, रस्ता रुंद करण्याची. ती वेगळी आहे, हे कोणी सांगत नाही. पूल गावकऱ्याने मागितला. रुंद रस्ता आपण मागतो. आपल्याला शुक्रवारी संध्याकाळी मुंबई सोडून रात्री जेवायला श्रीवर्धनात हजर व्हायचे असते. किनाऱ्याची वाडी म्हणजे रस्ता आणि समुद्र ह्यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी. पुढे घर, मागे विहीर, पाट, पोफळी, आणि शेवटी वाळू. तिच्यातून दहा फूट काढले म्हणजे नकाशावर रेघ थोडी जाड होते. वाडीत त्याच दहा फुटांत पडवी जाते, किंवा विहीर जाते, किंवा पोफळीची ओळ जाते. अवजड वाहतुकीला मोठा रस्ता हवा तर तो मागे डोंगराच्या अंगाने काढावा; गावातला रस्ता गावाच्या मापाचा राहू द्यावा. नागावच्या त्या बाईला खुणा करायला थोडे दिवस आणखी लागतील, एवढेच. मे महिन्यात एसटीचा चालक ह्या मताशी सहमत होणार नाही, ह्याची मला कल्पना आहे.

दिघीहून दिवेआगर जवळ आहे. इथे १०६० सालचा मराठी ताम्रपट सापडला. म्हणजे आमच्या विषयाच्या पहिल्या धड्यातली दोन ठिकाणे एकाच रस्त्यावर आहेत, आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी मुलांना एकदा इथून फिरवून आणायला हरकत नाही. १९९७ साली एका पोफळीच्या वाडीत खणताना सोन्याचा गणपती निघाला आणि दिवेआगर घरोघर माहीत झाले. २०१२ साली दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना ठार मारून तो पळवला. २०२१ साली तो पुन्हा स्थापन झाला. आम्ही दर्शन घेतले. आत्याबाईंनी त्या दोन पहारेकऱ्यांसाठीही हात जोडले.

दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता काशिदच्या रस्त्यापेक्षा शांत आहे. डाव्या अंगाला डोंगर, उजव्या अंगाला पाणी, मध्ये एक मोटार मावेल एवढी पट्टी. डोळे निवतात. १९९३ च्या आरंभी मुंबईच्या बाँबस्फोटांतली स्फोटके ह्याच शेखाडीच्या पुळणीवर रात्री उतरवली गेली. पुळणीकडे पाहून ते कळत नाही. तिथे एक मुलगा जाळे सोडवीत बसला होता.

श्रीवर्धन आले तसे आत्याबाई बोलेनाशा झाल्या. पेशव्यांचे मूळ गाव, सुरूचे बन, नवा बांधलेला किनारा, सगळे मोटारीच्या काचेतून गेले. बेडे उघडून भाऊजी पुढे आले. त्यांच्या हाताला धरून आत्याबाई थेट मागे वाडीत गेल्या.

वादळात चारशे पोफळी पडल्या होत्या. तीस-चाळीस वर्षांचे झाड अर्ध्या तासात जाते; नवे लावले की पहिली सुपारी दिसायला पाचसहा वर्षे लागतात. मधल्या काळात भाऊजींनी पाटाच्या कडेला केळी लावल्या, मसाल्याची झाडे लावली, दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या. नवी पोफळ आता दोन पुरुष उंच झाली होती. जुन्या वाडीत डोक्यावर छत असे. ह्या वाडीत आभाळ दिसत होते. आत्याबाई एकेका झाडाच्या बुंध्याला हात लावीत पुढे गेल्या. खाली पडलेली एक विरी उचलून त्यांनी उगाच झाडली आणि बाजूला ठेवली. ‘पाणी कुठलं लावतोस?’ एवढेच त्यांनी विचारले. ‘जुन्याच विहिरीचं,’ भाऊजी म्हणाले.

परतताना त्या रस्त्याकडच्या गडग्यापाशी थांबल्या. एका चिऱ्यावर तांबड्या रंगाने बाण आणि एक आकडा काढलेला होता.

‘हे काय रे?’

‘रस्त्याची मोजणी झाली, आत्या. नोटीस नाही आली अजून. बाण आत दाखवतो तिथपर्यंत.’

आत्याबाईंनी मान वर करून बाणाच्या रोखाने पाहिले, आणि काठी टेकीत गडग्यापासून आत चालत गेल्या. आठ पावले झाली. तिथून त्यांनी आडव्या रांगेतली झाडे बोटाने मोजली. ती अकरा भरली.

‘ह्यांना धरली का सुपारी?’

‘यंदाच धरली. पहिल्यांदाच.’

वहिनी चहाला हाक मारीत होत्या. भाऊजींनी आकडी घेऊन एका झाडावरचा घड खाली ओढला, त्यातल्या पाच ओल्या सुपाऱ्या तोडल्या आणि आत्याबाईंनी पदर पुढे केला त्यात घातल्या.